जुना व्हिडिओ गेम आणि संगणकाचा मॉनिटर : वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काय काय खाली आले, हे आमच्या टपालावरून पुढे महिनाभर कळत राहते. या वेळी जुन्या व्हिडिओ गेमविषयीची पत्रे इतकी आली, की हे सदर केवळ त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. बहुतेक पत्रांतली अडचण सारखीच आहे: घरातला डबा टीव्ही केव्हाच भंगारात गेला, संगणकाचा मॉनिटर मात्र कोपऱ्यात रिकामा पडून आहे, आणि गेमची पिन त्याला लावता येत नाही, किंवा लावता येते, पण चित्र येत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाचा पंचवीस वर्षांपूर्वीचा, कॅसेट घालून खेळायचा व्हिडिओ गेम माळ्यावर सुस्थितीत सापडला. नातवासाठी तो १७ इंची चौकोनी मॉनिटरला जोडावा म्हणून तापकीर गल्लीतून एका टोकाला तीन पिना आणि दुसऱ्या टोकाला मॉनिटरचा निळा प्लग असलेली केबल आणली. दोन्ही टोके नीट बसतात, पण पडद्यावर ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ एवढेच येते. दुकानदार केबल परत घेत नाही. दोष कशात आहे?
— निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ

उत्तर : दोष ना गेममध्ये आहे, ना मॉनिटरमध्ये. केबलही सदोष नाही, फक्त ती तुमच्या कामाची नाही. काही प्रोजेक्टर निळ्या प्लगच्या, म्हणजे व्हीजीए, सॉकेटमधून टीव्हीच्या पद्धतीचा, तीन तारांत विभागलेला संदेश घेऊ शकतात, आणि अशी केबल मुख्यतः त्यांच्यासाठी असते. तिच्या आत तारेखेरीज काहीही नसते. ती संदेश इकडून तिकडे नेते, त्यात कोणताही बदल करत नाही. आणि तुम्हाला तर बदलच हवा आहे.

टीव्हीच्या पडद्यावरचे चित्र वरून खाली आडव्या रेघा ओढत रंगवले जाते. आपल्याकडे स्वीकारलेल्या पाल पद्धतीत एका चित्राच्या ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा होतात. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्यात येणारे दूरदर्शनही याच हिशोबाने येत असे, आणि तुमचा गेम त्याच टीव्हीसाठी घडवलेला असल्यामुळे त्याची गती जवळपास तेवढीच आहे. संगणकाच्या जगात १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीने मात्र ही गती साधारण दुप्पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१,५०० रेघा अशी धरली. तुमच्या मॉनिटरच्या माहितीपत्रकात ‘हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी’ या शब्दांपुढे ‘३० ते ८० किलोहर्ट्झ’ असा काहीसा आकडा दिसेल. त्याचा अर्थ तीस हजार रेघांखालचे काहीही तो स्वीकारणार नाही. गाण्याच्या भाषेत सांगायचे, तर गेम ठायीत चालला आहे आणि मॉनिटरला दुगुनीखालचा ठेका धरताच येत नाही. जुन्या काळच्या मोजक्या मॉनिटरांना दोन्ही गती जमत, पण तुमचा मॉनिटर त्यांतला असता तर आपला हा पत्रव्यवहारच झाला नसता.

दुसरी अडचण रंगांची आहे. गेमच्या पिवळ्या जॅकमधून उजेड, रंग आणि ‘नवी रेघ सुरू करा’ ही सूचना असे सगळे एकाच तारेत कालवून येते, तर व्हीजीए मॉनिटरला तांबडा, हिरवा व निळा हे रंग तीन वेगवेगळ्या तारांतून आणि रेघेच्या व चित्राच्या सूचना आणखी दोन तारांतून हव्या असतात. काला वेगळा करायला विजेवर चालणारे मंडल (सर्किट) लागते. म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवा: ज्या जोडणीला स्वतःचा पाच व्होल्टचा अडॅप्टर किंवा यूएसबीची वायर नाही, ती कितीही सुबक दिसली तरी पिवळ्या पिनेचे व्हीजीए करू शकत नाही.

तुमच्यासाठी सर्वांत सोयीची वस्तू म्हणजे बाहेरून जोडायचा टीव्ही ट्यूनर बॉक्स. मॉनिटरवर केबल टीव्ही पाहता यावा म्हणून एके काळी पुण्याच्या वसतिगृहांत आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोल्यांत हा डबा सर्रास असे. त्याला अँटेनाचा सॉकेट असतो, पिवळा-पांढरा-लाल एव्ही सॉकेट असतो, आणि बाहेर पडताना तो मॉनिटरला पचेल असा व्हीजीए संदेश देतो. तुमच्या पत्रावरून गेमच्या मागे पिवळा जॅक आहे की नुसती अँटेनाची वायर, हे स्पष्ट होत नाही. जुन्या आठ-बिटी गेमपैकी काहींना केवळ अँटेनाचीच वायर असे आणि टीव्हीचा एखादा रिकामा चॅनेल ‘लावून’ त्यावर गेम आणावा लागे. तुमचा तसा असेल, तर हल्लीचे एचडीएमआयचे, म्हणजे नव्या टीव्हीच्या चपट्या सॉकेटचे, छोटे कन्व्हर्टर कुचकामी ठरतात, कारण त्यांना अँटेनाचा सॉकेट नसतो. ट्यूनर बॉक्सला मात्र चॅनेल शोधायला सांगितले की तो गेम शोधून काढतो. दुकानात नवा मिळाला नाही, तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फेरी मारावी, पण रिमोट सोबत असल्याखेरीज घेऊ नये. काही डब्यांवर चॅनेल शोधण्याचे बटणच नसते. आवाज मॉनिटरमधून येणार नाही, त्यासाठी ट्यूनर बॉक्सच्या गोल जॅकला संगणकाचे स्पीकर जोडावेत.

जाता जाता एक विनंती. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची, ही आपल्या सगळ्यांची बालपणीची सवय नातवाला लावू नका. फुंकरीबरोबर जाणारा ओलावा तांब्याच्या पट्ट्यांवर डाग पाडतो. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसाव्यात. काडी काळी निघेल, आणि मग इतकी वर्षे फुंकर फुकटचे श्रेय घेत होती हे कळेल.

प्रश्न : प्लेस्टेशन २ च्या मागे लावायची एचडीएमआयची छोटी डबी घेतली. बैठकीतल्या टीव्हीवर चित्र उत्तम येते, पण माझ्या खोलीतल्या २२ इंची मॉनिटरवर, तीच डबी आणि तीच केबल लावूनही, पडदा काळाच राहतो. मॉनिटरला एचडीएमआय आहे.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : तुम्ही टीव्हीवर लावून पाहिलेत, त्यामुळे निम्मे निदान तुम्हीच केले आहे. या डब्या बहुधा प्लेस्टेशनकडून येणारा संदेश फक्त अंकी रूपात बदलतात, त्याचा आकार व गती वाढवत नाहीत. प्लेस्टेशन २ चे बहुतांश खेळ एका वेळी चित्राच्या एकाआड एक रेघा पाठवतात, आधी विषम रेघा आणि मग सम. टीव्हीला हा संदेश जन्मापासून ओळखीचा, म्हणून एचडीएमआयमधून आला तरी तो स्वीकारतो. संगणकाच्या मॉनिटरला मात्र अशी अर्धी-अर्धी चित्रे समजण्याची सोय पुष्कळदा दिलेलीच नसते. सॉकेट एकच असला म्हणून त्यातून येणारे सगळे काही चालते असे नाही, हेच वरच्या पत्रातल्या बाईंनाही निळ्या प्लगने शिकवले.

काही खेळ पूर्ण चित्र पाठवू शकतात. त्यांपैकी अनेकांत खेळ सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही दोन बटणे दाबून धरली, की ‘प्रोग्रेसिव्ह’ विषयी विचारणा होते. तो मार्ग मिळाला तर तुमच्या मॉनिटरवर चित्र येण्याची चांगली शक्यता आहे. तथापि पाल प्रदेशासाठी निघालेल्या तबकड्यांपैकी बऱ्याच तबकड्यांतून ही सोय काढून टाकलेली होती, आणि आपल्याकडे अधिकृतपणे मिळत त्या पालच्याच. तेव्हा फार आशा ठेवू नका. खात्रीचा उपाय म्हणजे डबीऐवजी असा कन्व्हर्टर घेणे, जो आलेले चित्र ७२० किंवा १०८० रेघांचे करून पुढे पाठवतो. असे स्वस्त कन्व्हर्टर पिवळ्या पिनेवर चालतात, त्यामुळे डबीइतके रेखीव चित्र मिळणार नाही. हिरवी, निळी व लाल अशा तीन पिनांची कॉम्पोनंट केबल घेणारा कन्व्हर्टर मिळाला, तर दोन पैसे जास्त देऊन तोच घ्यावा.

टीव्हीवर डबी लावलेली असताना रंग हिरवट किंवा गुलाबी दिसले, तर यंत्राच्या ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ची नोंद ‘आरजीबी’वर आहे का ते पाहावे आणि दुसरा पर्याय निवडावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे. त्यात गेमची केबल घातली तर लॅपटॉपचा पडदा वापरता येईल ना?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : नाही. लॅपटॉपवरचा तो सॉकेट जवळजवळ नेहमी चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतो, आत घेण्यासाठी नव्हे. यूएसबीला लावायचे कॅप्चर कार्ड घेतल्यास चित्र लॅपटॉपवर दिसेल आणि ध्वनिचित्रमुद्रणही करता येईल, पण बटण दाबणे आणि पडद्यावर उडी दिसणे यांत जाणवण्याइतका वेळ जातो. बुद्धिबळासारख्या खेळाला ते चालेल.

प्रश्न : ‘एव्ही टू एचडीएमआय’ असे लिहिलेली पांढरी डबी घेऊन मी जुना १६-बिटी गेम मॉनिटरला जोडला. चित्र येते, पण तीन तक्रारी आहेत: सगळी माणसे बुटकी व जाडी दिसतात, पळताना पात्राच्या कडा दातऱ्यासारख्या होतात आणि अधूनमधून पात्र लुकलुकत गायब होते, आणि उडी उशिरा लागते. मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, तुमचं वय झालं.’’ खरे कारण काय?
— संगणक क्षेत्रातील नोकरदार, बाणेर

उत्तर : वयाचा मुद्दा आम्ही तुमच्या मुलाशी वाद घालण्यासाठी तुमच्यावरच सोपवतो, तिन्ही तक्रारींचे मूळ मात्र डबीत आहे.

पहिली तक्रार सोपी आहे. जुन्या टीव्हीचे चित्र चारास तीन या प्रमाणातले, तुमचा मॉनिटर सोळास नऊ. डबी ते चित्र ताणून पूर्ण पडदा भरते. मॉनिटरच्या मेनूमध्ये ‘आस्पेक्ट’ किंवा ‘४:३’ असा पर्याय असेल तर तो निवडावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील आणि माणसे पुन्हा माणसांसारखी दिसू लागतील.

दुसऱ्या तक्रारीचे कारण जरा रंजक आहे. त्या काळच्या गेमनी टीव्हीच्या पद्धतीतून एक पळवाट काढली होती. टीव्ही आधी विषम व मग सम रेघा रंगवतो, परंतु गेम त्याला ‘पुन्हा त्याच रेघा रंगव’ असे सांगत असे. त्यामुळे सुमारे २४० रेघांचे पूर्ण चित्र सेकंदाला ५० किंवा ६० वेळा मिळे, आणि मधल्या रेघा कोऱ्या राहत. डबा टीव्हीवर दिसणाऱ्या बारीक काळ्या पट्ट्या त्या याच. तुमच्या डबीला हे माहीत नसते. तिला वाटते, आलेली दोन चित्रे म्हणजे एकाच चित्राचे दोन अर्धे भाग, आणि ती त्यांची वीण घालत बसते. पात्र मधल्या काळात पुढे सरकलेले असल्याने वीण जुळत नाही आणि कडांना दाते येतात. शिवाय मार खाल्लेले पात्र दाखवण्यासाठी खेळ त्याला एका चित्रात दाखवून पुढच्यात लपवत असे. ही लपाछपी डबीच्या वीणकामात सापडली, की पात्र कधी पूर्ण नाहीसे होते, तर कधी जाळीदार दिसते.

तिसरी तक्रार वीणकामाचीच परिणती आहे. वीण घालायची तर डबीला निदान एक चित्र साठवून पुढच्याची वाट पाहावी लागते. सेकंदाला ६० चित्रे धरली तर एक चित्र म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद, पालमध्ये २० मिलिसेकंद. त्यात चित्र मोठे करण्याचा वेळ आणि मॉनिटरचा स्वतःचा वेळ मिळवावा. दोन-तीन चित्रांचा उशीर झाला, की ज्याचा अंगठा जुन्या खेळावर तयार झालेला आहे त्याला तो नक्की कळतो. चांगल्या तबलजीला साथीदार अर्धी मात्रा मागे पडल्याचे कळते, तसेच हे.

यावरचा खरा उपाय म्हणजे रेघा दुप्पट करणारे यंत्र. ते आलेली प्रत्येक रेघ लगेच दोनदा पाठवते, संपूर्ण चित्र साठवत नाही. अक्षरशः दुगुन! एका रेघेइतकाच उशीर होत असल्यामुळे तो अंगठ्याला कळण्यापलीकडचा असतो, आणि गेमची पळवाट या यंत्राला ओळखता येत असल्याने दातेही पडत नाहीत. ‘ओएसएससी’ या नावाने ओळखले जाणारे, खुल्या आराखड्याचे यंत्र या कामासाठी नावाजलेले आहे, पण ते पिवळी पिन घेत नाही. त्याला वेगवेगळ्या रंगांच्या तारा हव्यात. ‘रेट्रोटिंक’ मालिकेतल्या यंत्रांपैकी काही पिवळी पिनही घेतात. दोन्ही परदेशातून मागवावी लागतात आणि गेमपेक्षा महाग पडतात, हे आधीच सांगून ठेवतो. हाताने जोडणी करण्याची हौस असेल, तर आर्केड यंत्रांसाठी निघालेले ‘जीबीएस ८२००’ नावाचे उघडे बोर्ड स्वस्तात मिळते. मूळ अवस्थेत तेही दाते पाडते. त्याला छोटा नियंत्रक जोडून ‘जीबीएस कंट्रोल’ ही प्रणाली चढवली, तर किमतीच्या मानाने ते थक्क करणारे चित्र देते. मी स्वतः हाच मार्ग पत्करला आहे, आणि त्यात माझे तीन रविवार गेले.

प्रश्न : प्लेस्टेशन ३ जुन्या डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीचा अंकी सॉकेट) मॉनिटरला एचडीएमआय-डीव्हीआय केबलने जोडला. चित्र येत नाही. आता पुन्हा टीव्हीच्या पिवळ्या पिनेला लावला, तर तिथेही काही दिसत नाही. यंत्र बिघडले का?
— एक वाचक, निगडी

उत्तर : बहुधा नाही. दुसरी भानगड आधी सोडवू. यंत्राला एचडीएमआयवर बोलायची सवय लागली आहे, म्हणून ते पिवळ्या पिनेतून गप्प आहे. लाल दिवा लागलेला असताना चालू करण्याचे बटण दाबून धरा. एक ‘पीप’ लगेच वाजेल, सुमारे पाच सेकंदांनी दुसरा वाजेल, तोपर्यंत बोट काढू नका. चित्राची निवड मूळ स्थितीला येते.

पहिल्या अडचणीचे नाव एचडीसीपी. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांतला चित्राचा संदेश सारखाच असल्याने तुमची केबल योग्यच आहे. परंतु प्लेस्टेशन ३ समोरच्या पडद्याकडे नक्कलबंदीची सांकेतिक ओळख मागतो, आणि ती नसलेल्या जुन्या मॉनिटरला चित्र देत नाही. मॉनिटरच्या माहितीपत्रकात एचडीसीपीचा उल्लेख नसेल तर दुसरा मॉनिटर शोधणे श्रेयस्कर. तो मिळाल्यावरही डीव्हीआयमधून आवाज येणार नाही, यंत्राच्या एव्ही केबलच्या लाल-पांढऱ्या पिना स्पीकरला द्याव्यात आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये एव्ही निवडावे.

प्रश्न : भाच्याने जपानहून सेगा मेगा ड्राइव्ह हा जुना व्हिडिओ गेम आणला आहे. पुण्यात मॉनिटरवर चालवता येईल का?
— एक वाचक, वानवडी

उत्तर : येईल, पण चित्राच्या आधी विजेचे पाहा. जपानमध्ये घरची वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. अशाच एका जपानी गेमचा अडॅप्टर मी तरुणपणी, पिन बसते एवढ्याच भरवशावर, भिंतीत खुपसला होता. मिनिटाभरात तो तव्यासारखा तापला, जळक्या वार्निशाचा वास दोन खोल्यांत पसरला आणि वडिलांनी मेन स्विच बंद केला. वास अजून आठवतो. भाच्याचा अडॅप्टर बाजूला ठेवा आणि गेमच्या पाठीवर छापलेले व्होल्ट, अँपिअर व पिनेच्या ध्रुवांचे चिन्ह पाहून तसाच अडॅप्टर इथे घ्या. १९८८ साली निघालेल्या पहिल्या मॉडेलला पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन लागते. बाजारातले बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, तेव्हा दुकानात मीटर लावून पाहण्याचा आग्रह धरावा.

चित्राच्या बाबतीत तुम्ही भाग्यवान आहात. या यंत्राच्या गोल सॉकेटमधून तांबडा, हिरवा व निळा हे रंग वेगळे बाहेर येतात, त्यामुळे बाणेरच्या वाचकांना सुचवलेले रेघा दुप्पट करणारे यंत्र तुम्हाला पुरेपूर लाभेल. केबल मागवताना मात्र सावध राहा: २१ पिनांचा जपानी प्लग आणि युरोपी स्कार्ट प्लग दिसायला अगदी सारखे असतात, आतली जोडणी निराळी. केबल आणि यंत्र एकाच पद्धतीचे असले पाहिजे.

प्रश्न : सगळे जुळले, चित्र झकास येते, पण बदकांवर नेम धरायची बंदूक मॉनिटरवर चालत नाही. एकही बदक पडत नाही.
— इयत्ता सातवी, औंध

उत्तर : पडणारही नाही. तुझ्या बंदुकीतून काही सुटत नाही, उलट तिच्या नळीत एक डोळा आहे. चाप ओढलास की गेम क्षणभर पडदा काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो; बंदुकीला त्या क्षणी उजेड दिसला तर बदक पडले. हा उजेडही साधा चालत नाही. डबा टीव्हीची काच सेकंदाला साडेपंधरा हजारांहून थोडे अधिक वेळा ज्या तालात उजळते, तोच ताल बंदुकीतले मंडल शोधत असते. मॉनिटरचा उजेड तसा लुकलुकत नाही, आणि मधला कन्व्हर्टर चौकोन उशिरा दाखवतो तो वेगळाच. तेव्हा बाबांना घेऊन जुन्या बाजारात जा आणि १४ इंची डबा टीव्ही शोध. त्याला पिवळा जॅक आहे ना ते पाहा आणि तिथेच चालू करून दाखवायला सांग. घरी आणताना काचेची बाजू पोटाशी धरायची, कारण सगळे वजन तिकडेच असते.